चिंचोक्यांचे घोडदळ

आमच्या वर्गात मधल्या सुट्टीत लढाईचा खेळ चालतो. पालक भेटायला येतात तेव्हा विचारतात, "फरशीवर ही कसली रांगोळी?" म्हणून हा खेळ समजावून सांगतो.

व्हरांड्यात खडूने बारा बारा घरांचा पट आखायचा. दोन्ही बाजूंना वीस वीस चिंचोके. मराठ्यांचे चिंचोके तसेच तपकिरी, विजापूरच्या आदिलशाहीचे चुन्यात बुडवून पांढरे केलेले. एक चिंचोका म्हणजे पंचवीस घोडेस्वार. शिवाजी महाराजांच्या घोडदळात पंचवीस स्वारांवर एक हवालदार असे, म्हणून हा हिशोब. पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि सगळ्यांच्या वर सरनोबत.

फाशांऐवजी चार फोडलेले चिंचोके टाकायचे. जेवढे पांढरे वर पडतील तेवढी घरे चालायचे. चारही काळे पडले तर आठ घरे, म्हणजे भरधाव दौड! समोरासमोर आले की दोघांनी टाकायचे, ज्याचे कमी पडेल त्याचा चिंचोका उठला. तीन घरे सरळ दौडत आलेल्याला एक जास्त मिळतो, कारण पळत्या घोड्याचा जोर मोठा असतो.

आता मुख्य नियम. पटावर एक घर निळीने रंगवलेले आहे, ते पाणी. दर पाच डावांनी ज्याची फौज पाण्याला लागली नाही, त्याचे दोन चिंचोके जातात. गुरुजींनी सांगितले, की दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी म्हणजे पाणी देणारा आणि एक नालबंद असे. माझे वडील म्हणतात, "बैलाला पाणी दावल्याबिगर औताला जुंपू नये." घोड्याचेही तसेच.

पहिली लढाई आम्ही उमराणीची खेळलो. उमराणी जत तालुक्यात आहे, आपल्या जिल्ह्याच्या शेजारीच. १६७३ साली सरनोबत प्रतापराव गुजरांनी तिथे बहलोलखानाची पाण्याची वाट अडवली. मी पण तसेच केले. निळ्या घराभोवती चिंचोके लावून बसलो. पंधरा डावांत समोरच्याचे सहा चिंचोके तहानेनेच गेले! तो रडकुंडीला आला. खरा बहलोलखानही शरण आला आणि प्रतापरावांनी त्याला सोडून दिले. पण तो पुन्हा चालून आला. महाराज फार रागावले.

दुसरी लढाई नेसरीची, २४ फेब्रुवारी १६७४. नेसरी कोल्हापूर जिल्ह्यात आहे. प्रतापराव फक्त सहा स्वार घेऊन बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण पडले. इथे आम्ही मराठ्यांचे सातच चिंचोके ठेवले, एक चिंचोका म्हणजे एकच स्वार. मी प्रतापराव झालो. पहिल्या दौडीत दोन पांढरे उठवले, मग चारी बाजूंनी घेरलो गेलो. चार वेळा खेळलो. चारही वेळा माझे सातच्या सात गेले.

मला रडू आले. मी म्हणालो, नियम बदलू, प्रतापरावांना दोन जास्त द्या. अर्धा वर्ग माझ्या बाजूचा झाला. मोठे भांडण झाले. गुरुजी म्हणाले, "नियम बदलला तर तुम्ही जिंकाल, पण मग ती नेसरी राहणार नाही." ते मला पटले. समोर किती जण आहेत ते दिसत असूनही ते गेले. सहज जिंकण्यासारखे असते तर त्यांचे नाव आज आपण घेतले असते का?

पण आजोबा पट बघायला आले होते. ते म्हणाले, "गडी लई शूर. पर मागची फौज येईस्तवर थांबायला पायजे हुतं." आमच्या वर्गात यावर अजून दोन पक्ष आहेत. मी रोज पक्ष बदलतो.

तुम्हीही खेळून बघा आणि तुमचा पक्ष सांगा. चिंचोके मात्र आपापले आणा.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी