जुन्या संगणकाला काम कोणते द्यावे?

'सर्व्हर' हा शब्द आता आपल्या गावात लहानथोर सगळ्यांना माहीत झाला आहे. रेशनच्या दुकानात अंगठा लावायला गेले की कधीकधी "सर्व्हर डाऊन हाय, उद्या या" असे ऐकू येते. पण हा सर्व्हर असतो कुठे आणि दिसतो कसा, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो आपल्या घरातही असू शकतो. आज मी त्याची माहिती सांगणार आहे.

सर्व्हर म्हणजे काय?

लग्नाच्या पंगतीत वाढपी असतात. कुणाला भात हवा, कुणाला आमटी हवी. जो जे मागेल ते त्याला वाढायचे, हे वाढप्याचे काम. सर्व्हर म्हणजे असाच वाढपी संगणक. दुसरे संगणक किंवा मोबाईल त्याच्याकडे मागतात आणि तो देतो. कुणी फोटो मागतो, कुणी धडा मागतो. त्याच्यापुढे बसून कुणाला काम करायचे नसते, म्हणून त्याला पडदा नसला तरी चालते. नुसता डबा कोपऱ्यात ठेवला तरी पुरे.

जगातला पहिला वेब सर्व्हर १९९० साली स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या मोठ्या प्रयोगशाळेत सुरू झाला. तो टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञांनी तयार केला. तो म्हणजे त्यांच्या टेबलावरचा संगणकच होता. कुणी चुकून बंद करू नये म्हणून त्यांनी त्यावर लाल शाईने चिठ्ठी लिहून लावली होती, की हा सर्व्हर आहे, बंद करू नका.

जुना संगणक चालेल का?

आमच्या काकांचे तालुक्याला झेरॉक्सचे दुकान आहे. तेथील २००९ साली घेतलेला संगणक आता भंगारात निघाला होता. त्यात दोन जीबी मेमरी आहे. त्यावर नवे प्रोग्राम फार हळू चालतात. शिवाय विंडोज १० ला नेहमीची मोफत दुरुस्ती देणे कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले. म्हणून पुष्कळ लोक असे संगणक काढून टाकत आहेत.

परंतु संगणक हळू झाला म्हणजे निकामी झाला असे नाही. बैल म्हातारा झाला की नांगराला चालत नाही, पण हलकी गाडी ओढतोच की! माझा चुलतभाऊ आयटीआयला कॉम्प्युटर शिकतो. त्याने त्या संगणकावर डेबियन नावाचे लिनक्स घातले. लिनक्स हे फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केले. ते फुकट मिळते. सर्व्हरला चित्रे आणि खिडक्या दाखवायच्या नसतात, म्हणून थोडी मेमरी असली तरी तो भागवून घेतो.

काम कसे शोधावे?

येथेच खरी गंमत आहे. संगणक तयार झाला तेव्हा सगळेजण विचारू लागले, "आता ह्याच्यावर काय काय करता येईल?" दादा म्हणाला, "हा प्रश्नच उलटा आहे. घरात काय अडतंय ते आधी बघू." मग मी आठ दिवस एक वही ठेवली. घरात कुणी "कुठं गेलं?", "सापडत नाही" किंवा "नेट गेलं" असे म्हटले की मी एक रेघ मारायची.

आठ दिवसांनी मोजले. नेट गेल्याच्या ६ रेघा झाल्या. फोटो सापडत नाही याच्या ४ झाल्या. कागदाची प्रत सापडत नाही याच्या ३ झाल्या. म्हणजे तीन कामे आपोआप सापडली.

काही कामे आम्ही सोडूनही दिली. मी म्हणालो, सिनेमे ठेवू. आई म्हणाली, "टीव्ही हाय की, अजून कशाला?" काका म्हणाले, कॅमेरा लावून राखण करू. पण आमच्या घरी आजी दिवसभर ओट्यावर असते आणि मोत्या कुत्रा आहे. दादा म्हणाला, पावसाची नोंद ठेवू. ती तर आजोबा वहीत ठेवतातच. जे काम वहीत नीट होते, ते वहीतच राहू द्यावे.

काम पहिले : नेट नसतानाचे ग्रंथालय

किविक्स नावाचा एक प्रोग्राम आहे. तो २००७ साली सुरू झाला. त्याच्यामुळे सगळा विकिपीडिया ज्ञानकोश एका फाईलमध्ये आपल्या संगणकावर ठेवता येतो. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसह घेतला तर शंभर जीबीच्या वर जातो. मराठीची फाईल त्याच्यापुढे अगदी लहान आहे. दादाने ती तालुक्याला एकदाच उतरवून आणली.

आता पावसात इंटरनेटची तार तुटली तरी आमचे वाचन थांबत नाही. कारण राऊटर हा घरातल्या घरात निरोप नेणारा पोस्टमन आहे. बाहेरचा रस्ता बंद झाला तरी घरातली पत्रे तो वाटतोच. मोबाईलवर "इंटरनेट नाही" असे दिसते, पण घाबरू नये. मोबाईलचा डेटा बंद करावा आणि संगणकाचा पत्ता टाकावा. आमच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.१० असा आहे. तो टाकला की पान उघडते. मी त्यातून रायगड किल्ल्याची माहिती वाचली. शेजारची दोन मुलेही संध्याकाळी वाचायला येतात. त्यांच्या घरी एकच मोबाईल आहे आणि तो त्यांचे वडील कामावर नेतात.

काम दुसरे : फोटो आणि आवाज जपणे

आमची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. तिला पुष्कळ ओव्या तोंडपाठ आहेत, पण तिने कुठे लिहून ठेवलेल्या नाहीत. आईने मोबाईलवर तिचा आवाज भरून ठेवला होता. तो मोबाईल विहिरीत पडला असता तर आवाजही गेला असता. आता घरातल्या कोणत्याही मोबाईलवरचे फोटो आणि आवाज संगणकाच्या एका सामाईक कप्प्यात ठेवता येतात. या कामाच्या प्रोग्रामचे नाव सांबा आहे. आजीला वाटले, शंकराचेच नाव आहे! तिने लगेच हात जोडले. पण तो प्रोग्राम ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याने सुरू केलेला आहे.

काम तिसरे : कागदांच्या प्रती

सातबारा, वीजबिल, माझा शाळेचा दाखला यांचे फोटो काढून दुसऱ्या कप्प्यात ठेवले आहेत. फॉर्म भरताना शोधाशोध होत नाही. हा कप्पा मात्र सगळ्यांसाठी उघडा नाही. त्याला पासवर्ड आहे आणि तो फक्त आईला व बाबांना माहीत आहे.

वीज किती लागते?

बाबांनी पहिल्याच दिवशी विचारले, "बिल कोण भरणार?" हा प्रश्न बरोबर आहे. म्हणून आम्ही हिशोब केला. तो चौथीच्या मुलालाही जमतो. १००० वॅटचे यंत्र एक तास चालले की १ युनिट होते. आमचा संगणक सुमारे ६० वॅट घेतो.

दिवसरात्र चालवला तर ६० × २४ = १४४०, म्हणजे रोज १.४४ युनिट. महिन्याला ४३.२ युनिट झाले. घरगुती बिलात १०० युनिटांच्या पुढे दर वाढतो, म्हणून हे परवडणार नाही.

संध्याकाळी दोनच तास चालवला तर ६० × २ = १२०. महिन्याला ३६००, म्हणजे ३.६ युनिट झाले. बाबा म्हणाले, "हे चालंल." म्हणून आमचा सर्व्हर संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ चालतो. मोठ्या सर्व्हरसारखे त्याला रात्रभर जागवायची गरज नाही, कारण रात्री कुणी काही मागतच नाही.

कुणाकडे जुना लॅपटॉप असेल तर आणखी बरे. तो फार कमी वीज घेतो. त्याची बॅटरी चांगली असेल तर लाईट गेली तरी तो लगेच बंद पडत नाही. पण बॅटरी फुगलेली दिसली तर ती वापरू नये. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. जाणत्या माणसाकडून ती काढून घ्यावी.

काळजी कोणती घ्यावी?

१. महत्त्वाच्या वस्तूची एकच प्रत ठेवू नये. जुन्या संगणकाची डिस्कही जुनीच असते, ती कधीही बंद पडेल. आजीच्या ओव्यांची एक प्रत पेनड्राईव्हवर आणि एक मामाच्या घरी ठेवली आहे.

२. बटण एकदम बंद करू नये. आधी संगणकाला नीट बंद होऊ द्यावे, नाहीतर फाईल खराब होते. आम्हीही लाल शाईची चिठ्ठी लावली आहे.

३. सर्व्हर घरापुरताच ठेवावा. बाहेरच्या इंटरनेटवरून त्याचे दार उघडू नये. लिनक्सची नवी दुरुस्ती वेळोवेळी घालावी.

४. धूळ पुसावी. डब्याभोवती हवा खेळती ठेवावी.

५. सामान विकत आणायची घाई करू नये. आम्हाला फक्त एक केबल आणावी लागली.

६. तीन महिन्यांनी पुन्हा बघावे. ज्या कामाला कुणी हात लावला नाही ते काढून टाकावे.

सगळी कामे बंद झाली तर संगणक ठेवण्यात अर्थ नाही. मग तो ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावा. उघड्यावर जाळू नये किंवा ओढ्यात टाकू नये. जुन्या संगणकात शिसे असते. ते माती आणि पाण्यात जाते, आणि तेच पाणी आपण व आपली गुरे पितात.

कार्यानुभवाच्या तासाला आपण टाकाऊतून टिकाऊ वस्तू बनवतो. त्या दिसतात छान, पण काही दिवसांनी धूळ खात पडतात. वस्तू कुणाच्या तरी रोजच्या उपयोगाची असेल तरच ती टिकते. तेव्हा पालकांनो, तुमच्या माळ्यावर जुना संगणक असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी आठ दिवस एक वही ठेवा. वहीत रेघा पडल्या तर संगणक खाली काढा. रेघ एकही पडली नाही, तर तुमच्या घरी त्याची गरज नाही असे समजा.

इयत्ता ४ थी