परिचारिकेचे समाधान

वृद्धांच्या शुश्रूषेत अंगमेहनत पुष्कळ. परंतु परिचारिकेचे मन कामावरून उडते ते बहुधा त्या कामाचे तुकडे पडल्यामुळे. हॉलंडात १९९० नंतर घरोघरच्या शुश्रूषेचे मोजमाप मिनिटांनी होऊ लागले. एकीने इंजेक्शन द्यावे, दुसरीने स्नान घालावे, तिसरीने पायमोजे चढवावेत! आजीबाईंना नित्य नवा चेहरा, आणि परिचारिकेची दृष्टी घड्याळाकडे.

योस द ब्लोक हे स्वतः परिचारक. त्यांनी २००६ मध्ये 'ब्यूर्टझोर्ग' म्हणजे 'शेजारची शुश्रूषा' ही संस्था काढली. येथे फार तर १२ जणांचा एक गट असतो. कोणी कोणाकडे केव्हा जावे, रजा कोणी घ्यावी, नवा सहकारी कोण निवडावा, हे सारे गटच ठरवितो. परिचित परिचारिका घरी येते, प्रथम कॉफी घेत विचारपूस करते, आणि आजोबांना जे स्वतः करता येईल ते त्यांच्याकडूनच करविते. त्यामुळे शुश्रूषेचे तास वाढले नाहीत, उलट घटले! आज या संस्थेत १०,००० हून अधिक परिचारिका आहेत, आणि उत्कृष्ट नियोक्ता म्हणून तिचा एकाहून अधिक वेळा गौरव झाला आहे.

अर्थात वरिष्ठ नाही, तेव्हा आपसांतील तंटेही आपणच मिटवावे लागतात. त्यासाठी सल्लागार असतात; मात्र हुकूम सोडण्याचा अधिकार त्यांना दिलेला नाही.