कोकोच्या वाडीतला कोयता

चॉकलेटची वेष्टने जमवायचा नाद मला शाळेपासूनचा. त्या नादापायी कोकोच्या नकाशावर पोचलो आणि दोन शेजाऱ्यांपाशी अडकलो: आयव्हरी कोस्ट आणि घाना. जगातला निम्म्याहून अधिक कोको या दोघांचा. झाड तेच, पाऊसपाणी सारखे, वाड्याही सारख्याच छोट्या. मग मुलांच्या धोकादायक कामाचे प्रमाण इतके वेगळे कसे?

आकडे शिकागो विद्यापीठाच्या 'एनओआरसी' संस्थेचे, २०१८-१९ च्या हंगामाचे. दोन्ही देशांत मिळून कोकोत राबणारी मुले १५ लाख ६० हजार. त्यांतली १४ लाख ८० हजार धोकादायक कामात. कोको पट्ट्यातल्या शेतकरी घरांत अशा मुलांचे प्रमाण आयव्हरी कोस्टमध्ये ३७ टक्के, घानात ५१. घाई करणारा इथेच घानाला गुन्हेगार ठरवून मोकळा होतो. पण राबणारी मुले नुसती मोजली, तर आयव्हरी कोस्टची ७ लाख ९० हजार आणि घानाची ७ लाख ७० हजार! आयव्हरी कोस्टचा कोको पट्टा मोठा, तिथे मुलेच जास्त. म्हणून टक्का उतरतो.

आता 'धोकादायक' कामाकडे येऊ, कारण माझा जीव अडकतो तो तिथे. जड ओझी, कीटकनाशकांची फवारणी, रान तोडणे हे सगळे त्यात येते. पण खरी गोष्ट कोयत्याची. घानातल्या कुमासी शहराजवळच्या एका वाडीत मी फळफोडणी तासन्‌तास पाहत बसलो होतो. डाव्या तळहातावर फळ, उजव्या हातातल्या कोयत्याचा एक घाव, पाते सालीत रुतले की मनगटाला हिसडा. साल उघडते आणि पांढऱ्या गरातल्या बिया दिसतात. घाव इंचभर खोल गेला की बोट गेलेच. म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हातात ते नृत्य वाटते, दहा वर्षांच्या पोराच्या हातात बघवत नाही. गंमत म्हणजे कोयता लागतोच असे नाही. लाकडी दांडक्यानेही फळ फुटते, वर बियाही कापल्या जात नाहीत. तरी घरात असते ते हत्यार कोयताच, आणि पोराच्या हाती येते तेही तेच.

इतिहास थोडक्यात: अमेरिकी खासदार हार्किन आणि एंगेल यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये चॉकलेट उद्योगाने कोकोतली घातक बालमजुरी संपवण्याचा करार केला. २००५ ची मुदत हुकली, मग २००८ ची. पुढे २०२० पर्यंत तिच्यात ७० टक्के घट करायचे ठरले, तेही झाले नाही. करार ऐच्छिक होता, यातच सगळे आले.

मला सर्वांत बोलका वाटतो तो शाळेचा आकडा. 'एनओआरसी'च्याच पाहणीत शाळेत जाणारी मुले घानात ९६ टक्के, आयव्हरी कोस्टमध्ये ८०. म्हणजे जिथे शाळा जास्त, तिथेच कोयताही जास्त! घानातली पुष्कळ मुले शाळाही करतात आणि वाडीही. शाळेत घातले की मूल कामातून सुटते, ही समजूत इथे टिकत नाही. कोकोला दोन पैसे बरे मिळून फळफोडणीला मजूर लावणे परवडेपर्यंत पोर दुपारी वाडीत येणारच. तरीही माझा कौल घानाच्या बाजूने आहे. सकाळी वर्गात बसून दुपारी कोयता धरणारे मूल आणि वर्गाचे तोंडच न पाहिलेले मूल यांना एकाच टक्क्यात कोंबणारी तुलना मला मान्य नाही.