समुद्राची वाट जयंती नाल्यावरून

कोल्हापूरच्या माणसाला समुद्र म्हटला की गणपतीपुळे आठवते. घाट उतरला की तीन-चार तासांत लाटा दिसतात. पण आपल्या घरातले पाणी मात्र त्या बाजूला जात नाही. ते पंचगंगेला मिळते, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत शिरते, आणि कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला पोचते. म्हणजे आपण कोकणाच्या शेजारी राहतो, पण आपली मोरी उघडते ती थेट पूर्वसमुद्रात!

हे सांगायचे कारण असे की, यंदा माझी पुतणी बारावी झाली आणि तिने घरात जाहीर केले, "मला समुद्र वाचवायचाय. त्यासाठीच इंजिनिअर व्हायचंय." थोरल्या बंधूंनी चष्मा काढला. "अगं, समुद्र कुठे, आपण कुठे! आणि ह्यात पोटापाण्याचे काय?" वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच सांगा तिला काहीतरी." मी मराठीचा मास्तर, पण घरातला शिकलेला माणूस म्हणून चौकशी माझ्याच गळ्यात पडली. ती इतरांच्याही उपयोगी पडावी.

पहिली गोष्ट, नावावर भुलू नये. खरगपूर आणि मद्रासच्या आय.आय.टी.त 'ओशन इंजिनिअरिंग' आहे. पण त्याची जोडी नौकाबांधणीशी आहे. जहाजे, बंदरे, समुद्रातले तेलाचे मनोरे हा त्याचा मुख्य संसार. ते शिकून किनाऱ्याची सेवा करता येते, नाही असे नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने पुदुच्चेरीचा वाहून गेलेला किनारा पुन्हा धरावा म्हणून पाण्याखाली कृत्रिम खडक उभारला, ते काम इंजिनिअरांचेच. गोव्यात दोनापावला येथे 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे; पण तिथला मुख्य व्यवसाय संशोधनाचा. ज्याला समुद्र जाणून घ्यायचा आहे, त्याने विज्ञानाची वाट धरावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. समुद्र घाण होतो तो बव्हंशी जमिनीवरून. शहराच्या मैल्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतो. त्यावर पाण्यात शेवाळ माजते, ते मेले की कुजते, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. रंकाळ्यावर केंदाळ कसे माजते, हे आपण पाहिलेलेच आहे. समुद्राच्या किनारपट्टीवर तोच खेळ मोठ्या पटावर चालतो. आणि बंगालच्या उपसागराच्या मधल्या थरांत प्राणवायू मुळातच कमी!

म्हणून समुद्राचा खरा पहारेकरी जयंती नाल्याशी उभा असतो. नाल्याचे पाणी उपसून कसबा बावड्याच्या केंद्रात न्यायचे, जाळीने कचरा अडवायचा, रेती बसू द्यायची, मग हवा खेळवून जिवाणूंकडून मैला खाववायचा आणि गाळ वेगळा काढायचा. ही सारी विद्या स्थापत्य, केमिकल आणि पर्यावरण अभियांत्रिकीची. ती शिकायला परमुलखात जायला नको. 1983 साली निघालेले के.आय.टी. महाविद्यालय इथेच गोकुळ शिरगावला आहे. पुढे जायचे तर नागपूरची 'नीरी' आहे, 1958 पासून हेच काम करणारी.

आता पोटापाण्याचे. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याने कारखान्यांवर सांडपाणी शुद्ध करण्याची जबाबदारी आली. साखर कारखाने, कापडाचे प्रोसेस, नगरपालिका, सल्लागार कंपन्या, सगळ्यांना असा माणूस लागतो. कॉम्प्युटरवाल्या शेजाऱ्याच्या मुलाइतका पगार पहिल्याच दिवशी मिळेल, असे वचन मात्र मी कोणाला देणार नाही. शिवाय ह्या कामाला वास येतो. यंत्र बंद ठेवून वीज वाचवू पाहणारा मालक भेटला, तर त्याला 'नाही' म्हणण्याची हिंमतही लागते, आणि ती कुठल्याच महाविद्यालयात शिकवीत नाहीत.

2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. दूषित पाण्याने माणसे दगावली. तेव्हा ही शाखा केवळ माशांच्या आणि कासवांच्या कळवळ्याची आहे, असे कोणी समजू नये.

तेव्हा पालकहो, मुलगा किंवा मुलगी समुद्राचे नाव काढील तर हसू नका. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी एखाद्या दिवशी त्यांना मैलाशुद्धीकरण केंद्र दाखवून आणा. नाकाला रुमाल लावूनही ज्याच्या तोंडून प्रश्न संपत नाहीत, त्याला खुशाल ह्या वाटेने जाऊ द्या.