इवल्या शंखाची ओळख

रायगड जिल्ह्यातील अलिबागच्या किनाऱ्यावर पूर्ण ओहोटी लागली, की कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जाता येते. जाणाऱ्यांचे डोळे किल्ल्याच्या तटाकडे लागलेले असतात. पायाखालच्या वाळूकडे क्वचितच कोणी पाहतो. त्या वाळूची एक मूठ काळ्या कागदावर पसरून भिंगातून पाहावी. शिंपल्यांच्या चुऱ्यात कधी कधी मोहरीएवढा अखंड शंख दृष्टीस पडतो. हा शंख कोणत्या जातीचा, हे कसे ओळखावे?

शंख म्हणजे समुद्रातील गोगलगाईचे घर. ती जसजशी वाढते, तसतशी मुखाच्या कडेवर चुनखडीची नवी भर घालते. त्यामुळे शंखाचे मुख हा त्याचा सर्वांत नवा भाग, आणि शिखर सर्वांत जुना.

पाहताना शिखर वर व मुख आपल्याकडे करून शंख धरतात. मुख उजव्या हाताला आले, तर शंख उजवा. बहुतेक जाती उजव्याच असतात. देवघरातील नेहमीचा शंखही या रीतीने उजवा ठरतो. पूजेत मात्र त्याचे शिखर खाली असते. म्हणून त्याला वामावर्त म्हणतात, आणि शास्त्रज्ञांचा दुर्मिळ 'डावा' शंख तोच आपला दक्षिणावर्त! नंतर वेढे मोजतात. त्यांवरील रेघा, कंगोरे व गाठी पाहतात. मुख वाटोळे आहे की त्याला खालच्या बाजूस पन्हळ आहे, तळाशी बेंबीसारखा खळगा आहे की नाही, हेही पाहतात.

परंतु खरे गुपित असते ते शिखराच्या टोकाशी. तेथील पहिले काही वेढे पिलाने बाल्यावस्थेत बांधलेले असतात. ते बारीक व अनेक असतील, तर पिलू बहुधा पाण्यात तरंगत, सूक्ष्म जीव खात वाढले. पहिलाच वेढा मोठा व फुगीर असेल, तर ते अंड्यातील बलकावर पोसले गेले. ते बालपण जेथे संपले, तेथे पुष्कळदा एक स्पष्ट रेघ दिसते. बाहेरून जुळ्या भावंडांसारखे दिसणारे दोन शंख या टोकावरून वेगळे ठरतात.

खोल समुद्रातील गोगलगाईंच्या बाबतीत तर पुष्कळदा शंखावाचून दुसरा साक्षीदारच नसतो. अलिबागसमोरचा समुद्रतळ इतका सावकाश उतरतो, की खरे खोल पाणी दोनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. 1881 साली मुंबईच्या गोदीत बांधलेल्या 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजाने अरबी समुद्र व बंगालच्या उपसागराचा तळ खरवडून अनेक प्राणी वर काढले. 1888 पासून डॉक्टर आल्कॉक त्यावर निसर्गशास्त्रज्ञ होते. त्या संग्रहातील कित्येक शंखांचे वर्णन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील एडगर स्मिथ यांनी केले. ज्या प्राण्यांना त्यांनी कधी जिवंत पाहिले नव्हते, त्यांना त्यांनी शंखावरून नावे दिली.

येथे चूक झाली, तर एका जातीचा पत्ता दुसरीच्या नावावर लागतो. त्यातच रिकामे शंख लाटांबरोबर वाहतात आणि काही खेकडे त्यांत बिऱ्हाड करून ते दूर नेतात. म्हणून चिठ्ठीवर ठिकाण, खोली आणि तारीख लिहितात. टोक झिजलेले असेल, तर अभ्यासक पुष्कळदा कुळाचे नाव लिहितात, आणि जातीची जागा कोरी ठेवतात.