चावी हातात कधी येणार?

खरं सांगा. जिन्याखाली उभ्या असलेल्या स्कूटरवर बसून, हँडल गच्च धरून, तोंडानं ‘घुर्रर्र’ असा आवाज तुम्ही किती वेळा काढलाय? लहानपणी तेवढ्यावर भागायचं. पण आठवी-नववीत गेलं की नाही भागत! क्लासला कुणीतरी एक जण ऐटीत गाडी घेऊन येतो आणि मग घरी भुणभुण सुरू होते, “तो चालवतो, मग मी का नाही?” आई म्हणते, “दहावी होऊ दे.” बाबा म्हणतात, “अठरा पूर्ण होऊ देत.” आणि सुट्टीत आलेला मामा मात्र हळूच चावी पुढे करतो!

या तिघांपैकी बरोबर कोण? कायदा बाबांच्या बाजूचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार सार्वजनिक रस्त्यावर मोटारसायकल, स्कूटर किंवा कार चालवायला अठरा वर्षं पूर्ण हवीत. ट्रक, बस अशी व्यवसायाची वाहनं चालवायची असतील तर वीस.

“पण सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ना?” असं तुमच्यापैकी कुणीतरी नक्की म्हणेल. मिळतं! आई-बाबांची लेखी संमती असेल तर मिळतं. पण कशाचं? बिनगिअरच्या आणि ५० सी.सी.पर्यंतच्या गाडीचं. सी.सी. म्हणजे इंजिनात पेट्रोल जिथे जळतं त्या नळकांड्याचं आकारमान. आई-बाबांना विचारा, त्यांच्या तरुणपणी लूना नावाची गाडी असायची. पुण्याच्या कायनेटिक कंपनीनं ती १९७२ साली आणली. ती ५० सी.सी.ची होती, चढावर पेडल मारत न्यायची! सोळाव्या वर्षाचं लायसन्स अशा गाड्यांसाठी होतं. आज दारोदार दिसणाऱ्या बिनगिअरच्या पेट्रोल स्कूटर शंभर सी.सी.च्या वरच्या आहेत. म्हणजे सोळाव्या वर्षाचं लायसन्स खिशात असलं तरी त्या स्कूटरवर बसलात की तुम्ही बिनलायसन्सचेच! ही गोष्ट पुष्कळ पालकांनाही ठाऊक नसते. ‘गिअर नाही ना, मग चालतं’ असा एक समज घरोघरी पसरलेला आहे.

आता एक गंमत ऐका. विमान चालवण्याचं खासगी लायसन्स आपल्या देशात सतरा वर्षं पूर्ण झाल्यावर मिळू शकतं. म्हणजे सतराव्या वर्षी तुम्ही विमान उडवाल, पण विमानतळापर्यंत मात्र बाबांच्या गाडीतूनच जावं लागेल!

हे अठराचं काय खूळ आहे? चला, एक प्रयोग करू. एक फूटपट्टी घ्या. मित्राला ती वरच्या टोकाला धरून उभी लोंबकळत ठेवायला सांगा. खालच्या टोकाला, शून्याच्या खुणेपाशी, तुमचा अंगठा आणि बोट उघडं ठेवा, पट्टीला न टेकता. मित्रानं न सांगता पट्टी सोडायची आणि तुम्ही चिमटीत पकडायची. १५-२० सेंटिमीटरच्या खुणेपाशी पकडली तर शाबास! २० सेंटिमीटर म्हणजे तुम्हाला लागला सेकंदाचा पाचवा भाग. ३० ला जेमतेम पकडली तर पाव सेकंद. आता हाच खेळ आई, बाबा, आजोबा यांच्याशी खेळा. बहुतेक तुम्हीच जिंकाल, आजोबांच्या हातून तर पट्टी थेट जमिनीवर पडेल.

मग? चपळ तर तुम्हीच ठरलात. लायसन्स खरं तर तुम्हाला द्यायला हवं आणि आजोबांचं काढून घ्यायला हवं!

पण थांबा. पट्टी पडणार हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं. रस्त्यावर कुणी सांगत नाही की आता गल्लीतून चेंडू येणार आहे आणि चेंडूमागे एक पोरगं. तिथं आधी डोळ्यांना दिसायला हवं, मग डोक्यात शिरायला हवं, मग पाय ब्रेकवर जायला हवा. यात एक सेकंद सहज जातो. ताशी ४० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते, म्हणजे जवळजवळ एका एसटीच्या लांबीइतकी. आणि हे ब्रेक लागण्याच्या आधीचं! ब्रेक दाबल्यावर थांबायला आणखी जागा लागते ती वेगळी. वेग दुप्पट केला तर ती जागा दुप्पट नाही, चौपट लागते.

म्हणून चांगला चालक चेंडू दिसण्याची वाट बघत नाही. गल्लीचं तोंड दिसलं, की त्याचा पाय अॅक्सिलरेटरवरून आपोआप उठतो. ही पुढचं ओळखण्याची आणि स्वतःला आवरण्याची जी शक्ती आहे, तिचं काम मेंदूच्या कपाळामागच्या भागात चालतं. आणि मेंदूचा हा भाग पक्का व्हायला विशी उलटावी लागते. शिवाय सोबत मित्र असले की तरुण मुलं जास्त धोका पत्करतात, हेही अभ्यासकांना दिसून आलं आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत म्हणूनच नव्या तरुण चालकानं गाडीत किती मित्र बसवायचे यावर बंधन असतं. आपल्याकडे शिकाऊ लायसन्सवर दुचाकी चालवताना मागे शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही बसवता येत नाही. ट्रिपल सीट तर सोडूनच द्या!

इथून पुढचा एक परिच्छेद आई-बाबांनी वाचावा. मुलानं गाडी चालवली आणि काही झालं, तर ‘पोरगं ऐकत नाही हो’ हे कोर्टात चालत नाही. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. विमा कंपनीही भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. पण पैशाचं काय घेऊन बसलात! १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये एका भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले, एक मुलगा आणि एक मुलगी. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असं पोलिसांचं म्हणणं आहे. ती दोघं परत येणार नाहीत. मामालाही हा परिच्छेद वाचायला द्या.

आता जरा इतिहासात जाऊ. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास कुणी केला, माहीत आहे? एका आईनं आणि तिच्या दोन मुलांनी! जर्मनीतल्या कार्ल बेंझ यांनी १८८६ साली तीन चाकांच्या मोटारीचं पेटंट घेतलं, पण ती विकत घ्यायला लोक काही पुढे येईनात. तेव्हा ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांची बायको बर्था, वय ३९, पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड यांना घेऊन नवऱ्याला न सांगता निघाली. कुठे? माहेरी! मानहाइमहून फोर्त्सहाइमला, शंभरेक किलोमीटर. पेट्रोल पंप तेव्हा कुठले? इंधन घेतलं ते औषधाच्या दुकानातून. नळी तुंबली ती बर्थाबाईंनी टोपीला लावायच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेक झिजले तर वाटेतल्या चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. आणि चढ आला की मुलं खाली उतरून ढकलायची! परत आल्यावर त्यांनी सांगितलं, की गाडीला चढासाठी आणखी एक गिअर हवा. कार्लसाहेबांनी त्याच महिन्यात सरकारकडून गाडी चालवण्याची लेखी परवानगी मिळवली होती. जगातलं पहिलं लायसन्स म्हणून तिचं नाव घेतात. बर्थाबाईंकडे मात्र तसला कागद नव्हता.

इंग्लंडमध्ये १९०३ सालच्या कायद्यानं लायसन्स सक्तीचं केलं. पण गंमत अशी, की परीक्षाच नव्हती! पाच शिलिंग भरा आणि लायसन्स घेऊन जा. सक्तीची परीक्षा यायला १९३५ साल उजाडलं. तिथल्या राणी एलिझाबेथ यांनी १९४५ साली, युद्धाच्या काळात, लष्करी गाड्या चालवण्याचं आणि दुरुस्तीचं शिक्षण घेतलं होतं. पुढे राणी झाल्यावर त्यांना लायसन्सची गरजच नव्हती, कारण तिथं लायसन्स राणीच्या नावानंच दिलं जायचं. आणि सौदी अरेबियात? तिथं बायकांना गाडी चालवायला परवानगी मिळाली ती थेट २४ जून २०१८ रोजी.

तेव्हा शिकायला वय आड येत नाही. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत कधी डोकावून बघा. पंचेचाळीस-पन्नाशीच्या काकू ओठ घट्ट मिटून स्टिअरिंग धरून बसलेल्या असतात. शेजारच्या सरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो, म्हणून त्यांचा जीव थोडा तरी थाऱ्यावर असतो! सगळ्यांची गाडी अडते ती क्लचपाशी. इंजिन फिरत असतं, चाकं उभी असतात, आणि या दोघांची हळूच गाठ घालून द्यायची असते. पाय झटकन सोडला की गाडी आचका देऊन बंद. मोठ्यांना हे जड जातं, कारण मागे हॉर्न वाजला की ते शरमतात. ज्यांनी लहानपणी सायकल चालवली त्यांना निदान दुचाकीचा तोल शिकावा लागत नाही. सायकलला लायसन्स लागत नाही, तेव्हा तुमची तयारी आजपासून सुरू होऊ शकते. खुणाही सायकलवरूनच ओळखायला लागा. गोल पाटी बहुधा हुकूम देते, त्रिकोणी सावध करते, निळी चौकोनी माहिती सांगते.

अठरा झाल्यावर आधी शिकाऊ लायसन्स. त्यासाठी या खुणांची आणि नियमांची परीक्षा. ते सहा महिने चालतं. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा. निदान तीस दिवस गेल्यावर पक्क्या लायसन्सची परीक्षा. दुचाकीवाल्यांना आठचा आकडा काढावा लागतो, आणि मध्येच पाय टेकला की पंचाईत!

हे लायसन्स जन्मभराचं नसतं बरं का. तिशीच्या आत काढलं तर चाळीस वर्षांचे होईपर्यंत चालतं. पुढे मुदत कमी कमी होत जाते, पंचावन्ननंतर पाच-पाच वर्षं. चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखलाही जोडावा लागतो. आज संध्याकाळी आजोबांचं लायसन्स कपाटातून काढायला सांगा आणि तारीख बघा. मुदत संपायच्या आधी वर्षभर आणि संपल्यावर वर्षभर नूतनीकरण होतं. त्याच्याही पलीकडे दिवस गेले असतील तर आजोबांना पुन्हा परीक्षा द्यावी लागेल. त्या दिवशी सोबत जा आणि पाय टेकतो का, ते नीट बघा!