वाटीतली गोटी आणि विमान

मैत्रिणींनो, वाटीत गोटी ठेवून वाटी जरा हलवा. गोटी डुलेल, पण पुन्हा तळाशी येईल. पालथ्या वाटीवर ठेवा, घरंगळलीच! नव्या विमानाची परीक्षा हीच: नाक किंचित उचलून सोडले, तर ते आपोआप सरळ होते का? पण फार स्थिर विमान वळायला हट्टी. म्हणून दुसरी परीक्षा ताब्याची. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर विमान घडवले, तरी उड्डाणाची चाचणी २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरच झाली.

फवारणीच्या ड्रोनमध्ये तर माणूसच नसतो. तोल यंत्राने सांभाळायचा, आणि टाकीतले औषध हिंदकळत असते. तेव्हा बचत गटातल्या बहिणींनो, चौसाळ्याच्या शिवारात ड्रोन आणाल तर आधी साधे पाणी भरून उडवून बघा. डगमगला, तर फवारणी उद्या!